राहुटी रिकामी परत देऊ नये

वडाळीच्या तलावाकडून जी गाडीवाट अमरावतीत शिरते, तिच्या डाव्या अंगाला मैनाबाईचा मळा होता. जमीन दीडच एकर, पण काळी, आणि इतकी मऊ की सकाळी ओल्या वाफ्यात उमटलेले पाऊल दुपारपर्यंत आपला आकार सोडत नसे. विहिरीला बारमाही पाणी आणि काठावर एक जुने कडुनिंब. त्या कडुनिंबाच्या सावलीतून तिचा नवरा नत्थुजी मोट हाकायचा आणि खाली पाटाच्या तोंडाशी पदर खोचून मैनाबाई वाफे भरायची. वांगी, मेथी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेने झेंडूची पिवळी रांग.

दिवस उगवायच्या आत ती टोपली डोक्यावर घेऊन इतवाऱ्याच्या बाजारात पोचलेली असे. पायात काही नाही, मानेला वाक नाही. मैनाबाई चालते तेव्हा सांबाराच्या पानावरचा थेंबसुद्धा हलत नाही, असे मळ्यांमध्ये बोलले जायचे. ती ऐकून म्हणायची, "लोकं खोटं बोलतात. एखांदा थेंब हालतेच."

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा, पण मळ्यातल्या बायांचे वर्ष मात्र महाशिवरात्रीपासून महाशिवरात्रीपर्यंत चाले. त्या दिवसांत त्या सातपुड्याच्या पायथ्याशी, सालबर्डीच्या महादेवाला पायी जात. तीन मुक्काम जाताना, तीन येताना. झोपायचे कुठे? जिथे दिवस मावळेल तिथे. भाकरी पदरात आणि आभाळ पांघरायला.

एका वर्षी मात्र मोर्शीच्या अलीकडे, उघड्या माळावर, भर दुपारी गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा. आसपास झाड नाही, झोपडी नाही. बायांनी टोपल्या डोक्यावर उलट्या धरल्या, तरी भिजायचे ते भिजले. त्यांत सगळ्यांत म्हातारी तानुबाई होती. मैनाबाई नवी नवरी होऊन मळ्यात आली तेव्हा मेथीचा वाफा कसा बांधायचा हे जिने शिकवले, ती ही तानुबाई. ती घरी आली ती खोकतच. महिनाभर खोकत राहिली आणि एक दिवस म्हणाली, "मैना, आता मी येत नाई वं सालबर्डीले. महादेवाले सांग, माहे पाय हायेत, छाती नाई."

 मैनाबाईने ते शब्द टोपलीसारखे डोक्यावर घेतले, ते खाली ठेवलेच नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात ती भगवंतराव मास्तरांच्या घरी वांगी द्यायला गेली. मास्तर शाळेत भूगोल शिकवत. नकाशावरचे डोंगर त्यांना पुरेनात, म्हणून त्यांनी आणखी चारदोन जणांना घेऊन डोंगर चढणाऱ्यांचे एक मंडळ काढले होते. त्याची एक शाखा अमरावतीला, एक अकोल्याला. सामान मात्र दोन्ही शाखांत मिळून एकच: कामठीच्या छावणीतून आलेल्या चार जुन्या राहुट्या, दोन लांब दोर, पाण्याच्या छागला, कंदील आणि एक स्टो. ज्याला डोंगरावर जायचे असेल त्याने यावे, वहीत नाव लिहावे, सामान न्यावे आणि नेले तसे आणून द्यावे. त्या दिवशी मास्तरांच्या कुंपणावर एक राहुटी वाळत घातलेली होती.

"मास्तर, हे कोनाचं पाल आनलं जी?"

"राहुटी आहे ती. नरनाळ्याच्या किल्ल्यावर नेली होती. सगळ्यांची आहे."

"सगळ्यांची म्हंजे माही बी?"

मास्तर हसले. "मंडळाच्या सभासदांची, मैनाबाई."

"सभासद कसा होते मानूस?"

"आमच्यासोबत एकदा बारा मैल चालावं लागते."

मैनाबाईने डोक्यावरची टोपली उतरवली, ओसरीवर ठेवली आणि मास्तरांकडे नीट पाहिले.

"फकस्त बारा?"

पुढच्या रविवारी मंडळाची पायपीट पोहऱ्याच्या टेकड्यांकडे निघाली. कॅनव्हासचे बूट, हातात काठ्या, पाठीवर छागला, अशी अकरा पुरुषमाणसे आणि मागून अनवाणी मैनाबाई. अर्ध्या मैलापर्यंत ती मागे होती. पोहऱ्याच्या नाल्यावर मंडळी पोचली तेव्हा ती पाय धुऊन, ओटीत बोरे घेऊन दगडावर बसली होती.

"घ्या जी," ती म्हणाली. "दमले असान."

मंडळाच्या सामानाची खोली अंबागेटाजवळ खुशालरावांच्या घरामागे होती आणि खोलीची किल्ली त्यांच्या करदोड्याला. खुशालराव तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. त्यांनी वही उघडली आणि विचारले, "नाव काय लिहू?"

"मैनाबाई नत्थुजी, मळेवाली. आन् खाली लिहा, संगं नऊ बाया."

"नऊ बाया कायले?"

"राहुटी मी एकटी पांघरू काय?"

खुशालरावांनी लिहिले. त्या शिवरात्रीला बाया राहुटी घेऊन सालबर्डीला गेल्या आणि तानुबाई त्यांच्यासोबत गेली. यंदा गारा पडल्या नाहीत, नुसते दव पडले. पण सकाळी राहुटीच्या तोंडाशी बसून तानुबाई कोरड्या अंगाने उन्हाकडे पाहत होती आणि म्हणत होती, "अवं, ह्या वयात मले घर भेटलं. तेबी चालतं फिरतं." मैनाबाईला त्या वर्षी महादेवाकडे मागायला काही उरले नाही.

आता परत द्यायची वेळ आली, आणि इथेच ते झाले.

मळ्यांमध्ये रीत अशी, की शेजारणीचे पातेले आणले तर ते रिकामे परत द्यायचे नाही. चार मिरच्या टाका, मूठभर तूर टाका, काही नसेल तर एक झेंडूचे फूल टाका, पण रिकामे भांडे कुणाच्या दारात न्यायचे नाही. आणि टाकले ते सांगायचेही नाही. सांगून दिले तर ते देणे कसले? मैनाबाईने राहुटी झटकली, दोन उन्हे दाखवली, घडी केली, आणि पिशवीच्या तळाशी दोन मुठी ज्वारी आणि गुळाचा एक खडा ठेवला. वरून राहुटी घातली, तोंड आवळून बांधले. खुशालरावांनी खुंट्या मोजल्या, दोर मोजले, पिशवी फळीवर ठेवली आणि खोलीला कुलूप घातले. उन्हाळा लागला. दीड महिना ती खोली कुणी उघडली नाही. माणसांपैकी कुणी नाही.

चैत्र सरता सरता अकोल्याहून उत्तमराव वकिलांचे पत्र आले. ते तिकडच्या शाखेचे प्रमुख. त्यांची बारा जणांची टोळी चिखलदऱ्याला जाणार होती आणि त्यांना चारही राहुट्या हव्या होत्या. उन्हाळा खरा, पण चिखलदऱ्याचा वळीव कधी येईल ते सांगता येत नाही. खुशालरावांनी राहुट्या तपासायला काढल्या, आणि दुपारी भगवंतराव मास्तर स्वतः मळ्यात आले. छत्री मिटायचेही त्यांना भान नव्हते.

"मैनाबाई, जरा चला."

खोलीत राहुटी जमिनीवर पसरली होती. उंदराने बाहेरून गुळापर्यंत वाट काढली होती. वाट एकच, पण ती घडीतून गेली होती, आणि घडी होती चौदा पदरी. उलगडल्यावर राहुटीला चौदा भोके पडलेली दिसत होती, तळहाताएवढी, ओळीने, सारख्या अंतरावर. कुणी मापून कापावीत तशी.

"अवं, पन जवारी काहून टाकली त्याच्यात?" खुशालराव ओरडले.

"रिकामी कशी देऊ जी?"

 खुशालरावांच्या घरातूनही कुणाचे भांडे कधी रिकामे गेले नव्हते.

मैनाबाई खाली बसली. एकेका भोकावरून तिने हात फिरवला. रडली नाही, उंदराला शिव्या दिल्या नाहीत. "हे माह्या हातचं काम हाये," ती म्हणाली. "उंदरानं तं फकस्त खाल्लं."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "उत्तमरावांनी पत्रात आणखीही एक लिहिलं आहे. मंडळ काढलं ते डोंगर चढणाऱ्यांसाठी, यात्रेकरू बायांसाठी नाही, असं त्यांचं आधीपासूनच म्हणणं आहे. पंधरा दिवसांनी ते सामान न्यायला येतील. ही भोकं पाहतील, आणि तुमचं नाव वहीतून काढा म्हणतील. मग माझंही काही चालणार नाही."

नाव गेले म्हणजे राहुटी गेली. राहुटी गेली म्हणजे तानुबाई पुन्हा घरी, भिंतीला पाठ लावून. मैनाबाईला तेवढेच दिसले, बाकी काही दिसले नाही.

"पंधरा दिस पुष्कळ झाले," ती उठत म्हणाली. "राहुटी मले द्या."

"परत हिलेच?" खुशालराव म्हणाले.

"आता उसनी नाई मांगून राहिली, खुशालराव. दुखनं घरी नेऊन राहिली."

मळ्यात राहुटी कडुनिंबाखाली अंथरली गेली आणि बाया भोवती बसल्या. बेबीताई म्हणून शेजारच्या मळ्यातली एक तरुण सून होती, तिने आपल्या लग्नातले नवे कोरे जाड कापड ठिगळांसाठी आणले. मैनाबाईने ते तिच्या हातात परत दिले.

"नवं कापड पान्यात आकसते, पोरी. आपुन आकसते आन् जुन्यालेबी ओढून फाडते. जुन्याले जुनंच लागते."

नत्थुजीच्या बैलगाडीवर तीन पावसाळे खाल्लेले एक जाड कापड होते. ऊन, पाऊस, कडबा, सगळे सोसून ते विटले होते, पण विरले नव्हते. त्याची ठिगळे कापली. प्रत्येक भोकाला एक ठिगळ आतून, एक बाहेरून, कडा दुमडून, मेण लावलेल्या दोऱ्याने, आणि टाका गोधडीचा. या बायांनी जन्मभर गोधड्याच शिवल्या होत्या. तानुबाईला जवळचे बारीक दिसत नव्हते, पण तिचे बोट शिवणीवरून फिरायचे आणि जिथे टाका सैल असेल तिथे थांबायचे. "उसव," ती म्हणायची. बेबीताईने एकच कड तीनदा उसवली.

मग घाणीवरून जवसाचे तेल आणले. मेळघाटातून बाजारात येणारे पिवळे मेण त्यात घालून कढवले, आणि कोमट असतानाच चिंधीने कापडात जिरवले. राहुटी घडी न करता दोरीवर टांगून ठेवली, कारण तेलाचे कापड ओले असताना घडी केले तर आतल्या आत तापते. आठ दिवस वैशाखाचे ऊन तिने अंगावर घेतले. नवव्या दिवशी मैनाबाईने त्यावर टिचकी मारली. आवाज ढोलकीसारखा आला.

"झाली," ती म्हणाली.

नत्थुजी मोटेवरून म्हणाला, "वकिलाले आवडली पायजे ना पन."

"वकिलाले आवडाले मी लुगडं शिवलं काय?"

उत्तमराव ठरल्या दिवसाच्या चार दिवस आधीच आले. बडनेऱ्याला उतरून टांग्याने थेट मळ्यात, मास्तर आणि खुशालराव सोबत. अंगात पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी, आवाज कोर्टात चालतो तेवढा मोठा. दोरीवरची राहुटी त्यांनी लांबूनच पाहिली.

"मास्तर, ही राहुटी आहे की वाकळ?"

"वाकळच समजा, वकीलसाहेब," मैनाबाई म्हणाली. "पन पानी प्यालेली वाकळ नाई."

"बाई, चिखलदऱ्याला वळीव आला म्हणजे आभाळ फुटल्यासारखा येते. तिथं ठिगळं कामाची नाहीत. मी मास्तरांना सांगितलं आहे, सामान जबाबदार माणसांच्या हातीच राहावं."

"बराबर हाये. मंग पाहून घ्या ना कोन जबाबदार हाये ते. वळीव मी इथीसाच आनून देतो. तुमी आत बसा."

उत्तमरावांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर कडुनिंबाकडे पाहू लागले.

विहिरीचा काठ पुरुषभर उंच होता. मोटेचे पाणी वर थारोळ्यात पडे आणि तिथून एका पन्हळीने खाली पाटात. त्या पन्हळीखालीच राहुटी उभी केली. खुंट्या खुशालरावांनी ठोकल्या. दुसऱ्या कुणाच्या हाती त्यांनी हातोडा दिला नाही. पन्हळीच्या तोंडाला मैनाबाईने आपली भाजीची जुनी टोपली बांधली, म्हणजे धार फुटून पाणी पावसासारखे पसरेल. मग तिने घरातून परात आणली आणि तीत ज्वारीचे कोरडे पीठ बोटभर पसरले.

"हे कशाला?" उत्तमराव म्हणाले.

"मानूस खोटं बोलन. पीठ नाई बोलत. एक थेंब पडला तं खड्डा दिसन."

राहुटीत मधोमध परात ठेवली. एका बाजूला उत्तमराव, टोपी सावरत, गुडघे पोटाशी घेऊन. दुसऱ्या बाजूला मैनाबाई आणि तानुबाई.

"हाका हो!" मैनाबाईने आतून हाक दिली.

नत्थुजीने बैल उताराला लावले. चाक करकरले, मोट वर आली, तिने पोट मोकळे केले, आणि डोक्यावर असा गडगडाट झाला की वकिलांनी दोन्ही हातांनी टोपी धरली. दुसरी मोट. तिसरी. कापड धडधडत होते. ठिगळांच्या ओळीवरून पाणी वाहताना आतून सावलीसारखे दिसत होते.

"वकीलसाहेब," तानुबाई मोठ्याने म्हणाली, "अकोल्याले आमच्यासारखी वांगी भेटतात काय?"

"काय?"

"वांगी! वांगी!"

"भेटतात!"

"नाई भेटत," तानुबाई म्हणाली आणि गप्प बसली.

नवव्या मोटेपर्यंत पीठ जसेच्या तसे होते. दहावी मोट रिकामी झाली, आणि परातीच्या कडेला, पिठात, एक बारीकसा खड्डा पडला. भोवती पीठ किंचित ओले झाले.

"गळली!" उत्तमराव जवळजवळ उभेच राहिले. "मास्तर, या, पाहा! गळली!"

मास्तर वाकून आत आले. त्यांचा चेहरा उतरला. मैनाबाई हलली नाही. तिने पिठाकडे पाहिले आणि मग डोके मागे टाकून वर पाहिले, सावकाश, घाई न करता, वाफ्यात पाणी कुठून फुटले ते शोधतात तसे. मग तिने हात वर केला आणि छताच्या कण्याशी एका जागी बोट टेकवले. बोट ओले झाले.

"इथून आला. हात लावून पाहा, वकीलसाहेब."

उत्तमरावांनी हात लावला.

"आता मले सांगा, इथं ठिगळ हाये काय?"

नव्हते. ती कण्याची लांब शिवण होती, यंत्राने मारलेली, सरळ, देखणी, छावणीच्या काळापासूनची.

"हे शिवन माही नोहे," मैनाबाई म्हणाली. "माही चौदा ठिगळं तुमी मोजा. एकबी ओलं सापडलं तं माहं नाव मीच काटतो."

वकिलांनी खरेच मोजली. माणूस हट्टी, पण पुरावा हाताला लागला की तो नाकारायचा नाही, निदान तीन साक्षीदारांसमोर, एवढा धंदा त्यांनी इमानाने केला होता. चौदाही ठिगळांवरून त्यांनी तळहात फिरवला आणि तळहात आपल्या पांढऱ्या कोटाला पुसला. कोटावर पाण्याचा डाग पडला नाही. जवसाच्या तेलाचा मात्र पडला.

ते बाहेर आले. मग म्हणाले, "ही शिवण अशी, तर बाकीच्या तीन राहुट्यांच्याही कण्याला हेच असणार."

"असनच," मैनाबाई म्हणाली. "आना तिन्ही. मेन उरलं हाये. चार दिस हायेत."

"आणि वहीतलं नाव?" मास्तरांनी विचारले.

उत्तमरावांनी टोपी काढून झटकली. "राहू द्या. पण बाई, एक अट. पिशवीत पुन्हा धान्य नको."

"धान्य नाई. पन रिकामी बी नाई."

"मग काय घालाल?"

मैनाबाईने हात उंच करून डोक्यावरची कडुनिंबाची डहाळी मोडली. धान्याच्या कणगीत आणि लुगड्यांच्या पेटीत ती वर्षानुवर्षे हाच पाला घालत आली होती. राहुटीच्या वेळीच तो कसा सुचला नाही, याचे तिला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आले. "सावलीत वाळवून घालन. किडा लागत नाई. आन् उंदराले कडू."

खुशालराव म्हणाले, "हे आधी सुचलं असतं तं?"

"तं तुमच्या राहुटीचा कना गळते हे तुमाले चिखलदऱ्यावर समजलं असतं."

चार दिवसांत चारही राहुट्यांचे कणे मेणाने भरले गेले आणि अकोल्याची टोळी चिखलदऱ्याला गेली. वळीव आला की नाही ते मळ्यात कळले नाही. महिन्याभराने खुशालराव सकाळीच आले आणि त्यांनी सुतळीने बांधलेली एक पुडी मैनाबाईपुढे धरली.

"वकीलसाहेबानं पाठवली. राहुटीच्या पिशवीले भायेरून बांधून. आत तुहा पाला तसाच हाये."

पुडीत हिरवट, चपट्या बिया होत्या.

"चिंचोके हायेत काय?" तानुबाईने हातात घेऊन विचारले.

"कॉफी म्हंतात. चिखलदऱ्याले होते."

मैनाबाईने त्या हरभऱ्यासारख्या तव्यावर भाजल्या, पाट्यावर वाटल्या आणि गुळाच्या पाण्यात उकळल्या. नत्थुजीने एक घोट घेतला आणि विचारले, "काढा कोनासाठी केला?" मैनाबाईने मात्र सगळा पेला संपवला. चव तिला कळली नाही, पण ते परत आलेल्या भांड्यातले होते, आणि परत आलेल्या भांड्यातले टाकायचे नसते.

पुढच्या शिवरात्रीला ती अंबागेटाजवळच्या खोलीवर गेली. खुशालरावांनी वही उघडली.

"संगं किती बाया?"

"अठरा. दोन राहुट्या लागतीन."

त्यांनी दोन काढून दिल्या.  राहुट्या मैनाबाई आणि बेबीताईने डोक्यावर घेतल्या. खुंट्यांची पिशवी तेवढी उरली, ती तानुबाईने कुणाला घेऊ दिली नाही. ती डोक्यावर घेऊन म्हातारी मोर्शीच्या वाटेने सगळ्यांच्या पुढे चालू लागली आणि दर पावलाला तिच्या डोक्यावर खुंट्या खुळखुळत गेल्या.